पुराचा आलेख कशात काढावा?

कोकणातल्या सावित्री नदीच्या खोऱ्यात पाऊस, पूर किंवा दरडी यांवर काम करणाऱ्याला २२ आणि २३ जुलै २०२१ चा आलेख चुकत नाही. २३ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. घाटावरचं पाणी पोलादपुरावरून खाली आलं, महाडची बाजारपेठ बुडाली. २२ च्या संध्याकाळी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं दरडीखाली गेली. या दोन दिवसांचे आकडे कागदावर मांडायचे तर हात जपूनच चालवावा लागतो, कारण ती रेघ उद्या कुणीतरी पुलाच्या किंवा पुनर्वसनाच्या चर्चेत पुढे ठेवणार असतं.

मी महाडला भूगोल शिकवतो. प्रबंध किंवा पेपर लिहायला बसलेली मुलं पहिल्यांदा येतात ती हाच प्रश्न घेऊन: "सर, ग्राफ कशात काढू?" त्यांना मी जे सांगत आलो ते इथे लिहितो.

१. आधी कागदावरचं माप, मग सॉफ्टवेअर

'नेचर' एका कॉलमच्या चित्राला ८९ मिलिमीटर रुंदी देतं आणि दोन कॉलमांना १८३. एल्सवियरची जर्नलं साधारण ९० आणि १९० मागतात. म्हणजे आपला अख्खा पूर तळहाताएवढ्या जागेत बसवायचा असतो. स्क्रीनवर दहा इंच रुंद आलेख काढला, अक्षर दहा पॉइंटचं ठेवलं आणि छापताना चित्र साडेतीन इंचांवर आलं, की अक्षरही साडेतीन पॉइंटचं होतं. ते कुणालाच वाचता येत नाही. त्यामुळे कुठल्याही सॉफ्टवेअरला मी पहिला प्रश्न हा विचारतो: छापील रुंदी मला मिलिमीटरमध्ये किंवा इंचात सांगता येते का, आणि त्याच मापात अक्षर सात-आठ पॉइंटचं ठेवता येतं का? आर, मॅटप्लॉटलिब, ग्नूप्लॉट, ओरिजिन या चारही ठिकाणी येतं. एक्सेलमध्ये चार्टची चौकट सेंटिमीटरमध्ये ठरवता येते, पण चित्र म्हणून साठवताना डीपीआय किती ठेवायचा हे आपल्या हातात राहत नाही. एक्सेलशिवाय गत्यंतरच नसेल तर चार्ट निवडून त्याची थेट पीडीएफ करावी.

२. रेघ रेघच राहिली पाहिजे

पीडीएफ, ईपीएस आणि एसव्हीजी या फाइलींत रेघ ही रेघ म्हणून साठवली जाते; कितीही मोठी करा, धार जात नाही. पीएनजी आणि टिफमध्ये ठिपके असतात, तेव्हा ते पुरेसे हवेत: ८९ मिलिमीटर रुंदीला ३०० डीपीआयने सुमारे १०५० ठिपके, ६०० डीपीआयने २१००. जेपीजी फोटोसाठी ठीक. आलेखात ती अक्षरांभोवती मळकट कडा सोडते.

आमच्याकडे चित्राची नासाडी बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या बाहेर होते. मूल पोलादपूरहून व्हॉट्सॲपवर आलेख पाठवतं, तो फोटो म्हणून जातो आणि निम्मे ठिपके वाटेतच गळतात. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी येते. वर्डही चित्रं आपणहून आवळतं, सहसा २२० पीपीआयवर. ते बंद करायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, आणि प्रबंधाची पहिली ओळ टाइप करण्याआधी तो बंद करावा.

३. आलेख काढायची रीत लिहिलेली राहिली पाहिजे

सगळ्यात जास्त वजन मी याला देतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ आकड्यांपासून तयार चित्रापर्यंतची प्रत्येक पायरी लिहिलेली राहते आणि दुसऱ्या माणसाला ती पुन्हा चालवता येते, ते चांगलं. दिसायला साधं चित्र देत असेल तरीही.

कारण सांगतो. रिव्ह्यूअरचं पत्र येतं: एक केंद्र वगळा, पाऊस मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये दाखवा, धोक्याच्या पातळीची रेघ घाला. माउसने काढलेल्या आलेखात हे तिन्ही करायला दिवस जातो, आणि एखाद्या चौकटीत जुना रंग तसाच राहतो. स्क्रिप्टमध्ये तीन ओळी बदलतात. महाडला सावित्रीची धोका पातळी ६.५ मीटर धरली जाते. ती आडवी रेघ एकदा स्क्रिप्टमध्ये लिहिली की प्रत्येक वर्षाच्या आलेखात तिथेच उमटते.

दुसरं कारण याहून मोठं आहे. आपल्या भागाला एकच पूर नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव आणि जुई या गावांवर दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा सावित्रीचा जुना पूल वाहून गेला, त्याच्याबरोबर एसटीच्या गाड्या गेल्या. मग २०२१. हे तिन्ही पावसाळे शेजारीशेजारी, त्याच उंचीच्या अक्षावर, त्याच रुंदीच्या स्तंभांनी दाखवले तरच त्यांची तुलना होते. हाताने काढलेल्या तीन आलेखांत प्रत्येकाचा अक्ष सॉफ्टवेअर आपापल्या आकड्यांप्रमाणे ताणतं आणि मध्यम पाऊसही अतिवृष्टीइतका उंच दिसतो. स्क्रिप्टला तारखा तेवढ्या बदलून द्यायच्या. बाकी काही हलत नाही.

या कसोटीला आर, पायथनमधलं मॅटप्लॉटलिब आणि ग्नूप्लॉट सरळ उतरतात. ग्नूप्लॉट १९८६ पासूनचं आहे, अगदी छोटं, जुन्यातल्या जुन्या संगणकावर चालतं. आर ही भाषा ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी संख्याशास्त्र शिकवण्यासाठी रचली, आणि तिच्यातलं जीजीप्लॉट२ हे हॅडली विकम यांचं पॅकेज आज सर्वत्र वापरलं जातं. ज्याला टाइप करून आज्ञा द्यायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी लॅबप्लॉट किंवा व्ह्यूझ आहे. ती खिडक्या-बटणांची आहेत, फुकट आहेत, आणि एकदा जमवलेली मांडणी नव्या आकड्यांवर पुन्हा लावता येते.

४. पाऊस वरून, पाणी खालून

पुराचा शास्त्रीय आलेख ठरलेला आहे: वरच्या कडेपासून खाली लोंबणारे पावसाचे स्तंभ, खाली नदीच्या पातळीची चढती-उतरती रेघ, वेळेचा अक्ष एकच. पाऊस कधी पडला आणि पाणी किती तासांनी चढलं, हे त्यात एका नजरेत कळतं. सॉफ्टवेअर पारखायला मी हाच आलेख काढून पाहायला सांगतो, कारण यात प्रत्येकाचा स्वभाव उघड होतो.

एक्सेलमध्ये दुसरा उभा अक्ष घेऊन त्याचा क्रम उलटा करावा लागतो, जमतं. ग्नूप्लॉटमध्ये दुसऱ्या अक्षाची दिशा उलटी करायला एक शब्द पुरतो. मॅटप्लॉटलिबमध्ये जुळा अक्ष काढून उलटवायचा. जीजीप्लॉट२ मात्र अडवतं. तिथे दुसरा अक्ष पहिल्याचंच रूपांतर असावा लागतो, म्हणजे मीटरला ठरावीक पटीने गुणून मिलिमीटर आणावे लागतात. हे विकम यांनी जाणूनबुजून केलं आहे. दोन स्वतंत्र मापांचे उभे अक्ष एकाच चौकटीत ठेवणं त्यांना मुळातच चूक वाटतं.

मुलं यावर वैतागतात, पण माझा कल विकम यांच्याकडे आहे. दोन अक्ष असले की माप थोडं हलवून पाऊस आणि पूर यांचा संबंध हवा तितका घट्ट किंवा सैल दाखवता येतो. त्यापेक्षा दोन चौकटी एकावर एक ठेवाव्यात, वेळ दोन्हींत जुळवून. वरच्या चौकटीत महाबळेश्वर आणि पोलादपूरचा पाऊस, खालच्या चौकटीत महाडची पातळी. आणि महाडपुरतं बोलायचं तर तिसरी चौकटही हवी: भरतीची. बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी महाडच्या दिशेने वर चढतं, म्हणूनच एकेकाळी गलबतं इथवर येत. वरून पूर आणि खालून भरती एकाच वेळी आली की नदीला उतार मिळत नाही. ही तिसरी रेघ नसलेला महाडच्या पुराचा आलेख मला अपुरा वाटतो. तीन चौकटी एका वेळेवर जुळवणं ज्याला सहज जमतं ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचं.

५. रिकामी जागा रिकामीच दिसू द्या

पूर मोठा असतो तेव्हाच नोंद तुटते. २०२१ ला महाडमध्ये वीज गेली, मोबाइल बंद पडले. अशा वेळी यंत्र थांबतं, वाचन घेणाऱ्या माणसाला केंद्रापर्यंत पोचता येत नाही. तक्त्यात नेमके शिखराच्या आसपासचे तास कोरे राहतात, किंवा तिथे 'नोंद नाही' असं लिहिलेलं असतं.

आता सॉफ्टवेअर त्या जागेचं काय करतं ते पाहा. एक्सेलच्या रेषालेखात एखाद्या घरात अक्षरं असतील तर ते त्याला शून्य समजतं: ऐन पुरात नदी कोरडी पडून पुन्हा भरली असं चित्र उमटतं. घर कोरं असेल तर तीन पर्याय आहेत: मोकळी जागा, शून्य, किंवा दोन टोकं जोडणारी सरळ रेघ. मुलांना तिसरा आवडतो, कारण चित्र अखंड दिसतं. पण ती सरळ रेघ म्हणजे न मोजलेलं पाणी मोजलं असं सांगणं आहे. शिखर तिच्या कितीतरी वर असू शकतं.

आर आणि मॅटप्लॉटलिब गहाळ मूल्याला वेगळी खूण ठेवतात आणि रेघ तिथे तुटू देतात. ग्नूप्लॉटला आधी सांगून ठेवावं लागतं की अमुक खूण म्हणजे गहाळ. हवामान खात्याच्या चौकोनी जाळ्याच्या पर्जन्य-फाइलींत गहाळ जागी उणे ९९९ असतं. ते न सांगता सरासरी काढली तर जुलैतल्या कोकणातही पाऊस उणे येतो. निदान तो आकडा इतका विचित्र असतो की लगेच पकडला जातो. शून्य आणि जोडरेघ पकडल्या जात नाहीत, म्हणून त्यांची भीती जास्त.

तुटलेल्या जागेवर फिकट राखाडी पट्टा द्यावा आणि चित्राखाली स्वच्छ लिहावं: या तासांत नोंद झाली नाही. नंतर भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेवरून पातळी काढली असेल तर ती वेगळ्या आकाराच्या ठिपक्याने दाखवावी. महाडच्या जुन्या घरांच्या भिंतींवर अशा खुणा आहेत, आणि त्या मोजणं हे खरं संशोधन आहे.

६. आपला पावसाचा दिवस साडेआठला बदलतो

हवामान खातं पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतं आणि बेरीज संपण्याच्या तारखेला लिहितं. २३ जुलैच्या नावावर लिहिलेला पाऊस बराचसा २२ चा असतो. नदीची पातळी घड्याळाच्या तासांनी लिहिलेली. दोन्ही तक्ते तारखेवर जुळवून आलेख काढला की नदी आधी चढलेली आणि पाऊस दुसऱ्या दिवशी पडलेला दिसतो. उपग्रहाचा पाऊस घेतला तर आणखी एक गाठ: ती वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले साडेआठ म्हणजे तिथले तीन.

यासाठी वेळ आणि तिचा विभाग दोन्ही समजणारं सॉफ्टवेअर हवं. आर आणि पायथनला ते समजतं, पण सांगावं लागतं. न सांगितल्यास संगणकाच्या स्वतःच्या घड्याळावर ती विसंबतात. पावसाचा स्तंभ तारखेवर उभा न करता, आदल्या सकाळच्या साडेआठपासून त्या सकाळच्या साडेआठपर्यंत पसरलेला काढावा. माझ्या माहितीत इतक्या छोट्या बदलाने चित्र इतकं खरं दुसऱ्या कशानेच होत नाही.

७. मराठी अक्षरं तपासूनच घ्या

पेपर इंग्रजीत जातो हे खरं, पण तोच आलेख गावात नेऊन दाखवायचा असतो. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना तो वाचता आला पाहिजे. मॅटप्लॉटलिबच्या आजवरच्या बहुतेक आवृत्त्या देवनागरीची अक्षरं एकेक सुटी मांडतात: 'सावित्री'तला 'त्र' फुटून पाय मोडलेला त आणि मोकळा र दिसतो, 'मिमी'ची पहिली वेलांटी दुसऱ्या म वर जाऊन बसते. ग्नूप्लॉटची कैरो पद्धतीची पीडीएफ किंवा पीएनजी घेतली तर जोडाक्षरं नीट येतात. आरमध्ये रॅग नावाच्या पॅकेजने साठवलेलं चित्रही नीट येतं. तिसरा मार्ग म्हणजे आलेख इंग्रजी लेबलांनी एसव्हीजीत काढून इंकस्केपमध्ये लेबलं मराठीत बदलणं. गावात लावायच्या फलकासाठी मी हाच मार्ग धरतो. इंकस्केपमध्ये फक्त अक्षरं आणि त्यांच्या जागा बदलाव्यात; आकड्यांतून आलेल्या रेघेला तिथे हात लावू नये.

८. परवाना संपला की फाइलही बंद

महाडच्या औद्योगिक वसाहतीमुळे इथे रसायनशास्त्राची मुलं पुष्कळ. त्यांच्यात ओरिजिन लोकप्रिय आहे आणि त्याला कारणही आहे: एफटीआयआर वर्णपटाचा ४००० वरून ४०० कडे उतरणारा अक्ष, शिखरांवरचे आकडे, एकावर एक सरकवलेल्या अनेक रेघा हे सगळं त्यात झटपट होतं. विद्यापीठाचा परवाना असेल तर खुशाल वापरावं. पण फुटलेली प्रत कुणाच्या पेन ड्राइव्हवरून घेऊ नये. तिच्याबरोबर व्हायरस येतात आणि सगळ्या प्रयोगशाळेच्या फाइली जातात. परवाना असला तरी आकडे साध्या सीएसव्हीत वेगळे ठेवावेत. ओरिजिनच्या जुन्या प्रकल्प-फाइली लॅबप्लॉटमध्ये बऱ्याचदा उघडतात. अडकलेल्यांनी प्रयत्न जरूर करावा.

मॅटप्लॉटलिबचा जन्म परवान्याच्या याच अडचणीतून झाला. जॉन हंटर मिरगीच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत-संकेत अभ्यासत होते. प्रयोगशाळेकडे सॉफ्टवेअरचा परवाना एकच, तोही एका डोंगलवर, आणि सगळे आळीपाळीने ते डोंगल वापरत. हंटर यांनी स्वतःचं साधन लिहायला घेतलं, २००३ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं, आणि २०१२ मध्ये ऐन चाळिशीत ते गेले. त्यांच्या या कामाबद्दल मला फार आदर आहे. एका डोंगलवर साऱ्या विभागाने दिवस काढणं तालुक्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

९. रंग

प्रबंधाची झेरॉक्स निघतेच. तेव्हा रंग गेले तरी रेघा ओळखू आल्या पाहिजेत: एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची. लाल आणि हिरवा यांतला फरक बऱ्याच पुरुषांना दिसत नाही, म्हणून ती जोडी टाळावी. पावसाच्या नकाशाला इंद्रधनुषी पट्टी देऊ नये. तिच्यातला पिवळा उगाच डोळ्यांत भरतो आणि नसलेल्या सीमा दिसू लागतात. मॅटप्लॉटलिबने २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून व्हिरिडिस ही पट्टी मूळ म्हणून घेतली. ती आरमध्येही आहे आणि काळ्या-पांढऱ्यातही फिक्यापासून गडदपर्यंत क्रमाने उतरते.

१०. नकाशा वेगळ्या हत्याराने

अभ्यासक्षेत्राचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये काढावा. आपला भाग यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो; दरडीच्या उताराचं गणित करायचं तर मीटरमधली हीच मोजणी घ्यावी, अंशांची नको. कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा देताना सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाचीच घ्यावी. परदेशी संकेतस्थळांवरच्या फाइलींत काश्मीरची रेघ वेगळी असते.

११. काय शिकायचं ते एकच निवडा

पायथन आधीच येत असेल त्याने मॅटप्लॉटलिब घ्यावं. भूगोल, जीवशास्त्र, समाजशास्त्र यांतल्या मुलांना मी आर आणि जीजीप्लॉट२ सांगतो, कारण आकडेमोड आणि चित्र एकाच ठिकाणी होतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात यांतल्या बऱ्याच साधनांचे धडे आहेत, काही मराठीतूनही. ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय पाहता येतात. दोन-तीन साधनं अर्धी-अर्धी शिकणाऱ्यांचं काम प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात अडतं.

१२. पावसाळ्याच्या आत तयारी

पोलादपूरच्या वाड्यांवर जुलैत वीज आणि रेंज गेली की कित्येक दिवस येत नाही, आणि आरची पॅकेजं तर ऐन वेळी इंटरनेटवरून उतरवावी लागतात. म्हणून हे मे महिन्यातच करा. एका पेन ड्राइव्हवर आरचा इन्स्टॉलर, लागणारी सगळी पॅकेजं, क्यूजीआयएस, इंकस्केप, देवनागरी फॉन्ट, मूळ आकड्यांच्या सीएसव्ही आणि गेल्या वर्षीची चालती स्क्रिप्ट भरून ठेवा. त्याच्या दोन प्रती करा: एक महाविद्यालयात ठेवा, दुसरी जिथवर सावित्रीचं पाणी पोचत नाही अशा घरी.